आत्म्यांचं पाणी

"पाखरं काय तुझ्या बापाची आहेत का?" मामा म्हणाला.

"नाहीत. तुझ्याही बापाची नाहीत," मी म्हणालो. "आणि त्यानं तरी ती कधी हौदात बुडवून मारली नव्हती."

मामाच्या हातातला कॉफीचा मग तोंडापर्यंत गेला नाही. त्याचा बाप म्हणजे माझा आजा, त्यामुळे शिवी आम्हा दोघांनाही सारखीच लागत होती, पण तेवढा विचार करायला मला वेळ नव्हता. माझ्या हातात मासे धरायची लांब दांड्याची जाळी होती आणि जाळीत फुलपाखरं होती. भिजून एकमेकांना चिकटलेली, नुसता केशरी चिखल. मी ती एकेक सोडवून हौदाशेजारच्या सपाट दगडावर मांडत होतो, कारण पहिलं ऊन तिथे पडतं.

"ते आधी उचल," मामा म्हणाला. "गाड्या येतील आता. माणसं एवढा डोंगर चढून येणार आणि पहिलं काय बघणार, मढी?"

"सगळी मढी नाहीत. ऊन लागलं की काही उठतात."

"उठतात म्हणे. तू कोण, येशू?"

"येशूला पण आधी कोणीतरी बाहेर काढावं लागलं असतं, ह्या हौदात पडला असता तर."

मामानं क्रूसाची खूण केली, कपाळावरून छातीवर, घाईघाईनं. मग आवाज खाली आणला. तो आवाज खाली आणतो तेव्हाच खरी भीती वाटते. "थंडीनं मेलीत ती, नाबोर. दरवर्षी मरतात."

"थंडीनं मेलेलं कोरडं असतं. हाताला कागदासारखं लागतं. ही बघ, पिळली तर पाणी निघेल."

"रविवारी सभा आहे," मामा म्हणाला. "तोपर्यंत तोंडाला कुलूप लाव. तुझ्या आईसाठी सांगतोय."

झालं. सभेचं नाव काढलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते हे त्याला बरोबर माहीत आहे.

आमच्याकडे जंगल कुणा एकाचं नाही, गावकीचं आहे. ज्याचं नाव गावकीत आहे त्याला सभेत हात वर करता येतो, वाटा मिळतो, वर फाटकाशी टपरी टाकता येते. आणि नाव टिकवायचं तर श्रमदान करायचं. वणव्याची राखण, पायवाट साफ करणं, जे पाळीत येईल ते. माझा बाप सरहद्द ओलांडून उत्तरेला गेला. पहिले काही महिने फोन यायचा, मग तोही बंद झाला. आमची पाखरंही उत्तरेचीच, पण ती निदान हिवाळ्याला येतात. तेव्हापासून बापाच्या वाट्याचं श्रमदान मी करतो. रविवारी सभेत ठरणार होतं की बापाचा हक्क आईच्या नावावर करायचा की खोडून टाकायचा. खोडला की आईची टपरी गेली. आणि गावकीचा प्रमुख कोण, तर सेव्हेरोमामा, आईचा सख्खा भाऊ.

म्हणून मी दगडावरची फुलपाखरं परत जाळीत भरली आणि झुडपामागे नेऊन ठेवली. उन्हातच ठेवली, पण मामाला दिसणार नाहीत अशी.

हौदावर पाटी आहे. निळ्या रंगात, वळणदार अक्षरांत: 'आत्म्यांचं पाणी'. फुलपाखरं पहिल्यांदा येतात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवसाच्या सुमारास, म्हणून आमची म्हातारी माणसं म्हणतात की ते आपले गेलेले लोक, घरी आलेत. आई मानते. मीही लहानपणी मानायचो. आता वाटाडे शहरातल्या लोकांना हेच टोपी छातीशी धरून सांगतात, बायका डोळे पुसतात, आणि त्याच आत्म्यांना रोज सकाळी गाड्या यायच्या आत जाळीनं गाळायचं काम माझ्याकडे आहे. चहा गाळावा तसे मी आत्मे गाळतो.

शाळा मी सोडली ती ह्याच तोंडापायी. मास्तर फळ्यावर फुलपाखराचं चित्र काढत होते आणि त्यांनी त्याला सहा पाय काढले. मी म्हणालो, वर येऊन बघा, बसताना चारच दिसतात, पुढचे दोन ते छातीशी दुमडून ठेवतं. ते म्हणाले पुस्तकात सहा आहेत. मी म्हणालो मग पुस्तकालाच घेऊन या वर. त्यानंतर काय झालं ते सांगत बसत नाही. पुस्तकही खरं होतं आणि मीही, पण बाहेर मीच गेलो.

ह्या वर्षीचा हिवाळा वाईट होता. जानेवारीत आधी पाऊस पडला आणि मग रात्री आभाळ मोकळं होऊन सगळं गोठलं. भिजलेलं पाखरू आणि मोकळं आभाळ, ह्यापेक्षा वाईट काही नाही. सकाळी आम्ही वर गेलो तर ओयामेलच्या उंच सूचिपर्णी झाडांखाली पाय ठेवायला जागा नव्हती. फांद्यांवरचे घोसच्या घोस खाली आले होते, घोट्यापर्यंत ढीग, त्यावर दहिवर गोठलेलं. जी पाखरं जाड खोडांना चिकटून होती ती वाचली, कारण मोठं झाड आतून ऊब धरून ठेवतं. ढिगाच्या वरची गेली, पण हात खाली घातला की तळाशी काहीतरी थरथरायचं. आम्ही फावडं न घेता हातांनी ढीग उपसले. मामा पण. खोटं कशाला बोलू, मामा त्या दिवशी टोपी काढून उभा राहिला आणि पोरासारखा रडला. लाकूडचोर येत होते त्या काळात हाच माणूस ह्याच झाडांखाली बंदूकवाल्यांसमोर उभा राहिलेला आहे. म्हणून तर जास्त राग येतो. नालायक माणसानं मूर्खपणा केला तर समजू शकतो.

मग सभेत मामा उठला आणि म्हणाला, वाचलीत त्यांच्यासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे. आणि काय केलं, तर हौद.

आधी काय होतं ते सांगतो. वरच्या कुरणात एक झरा आहे. मोठा नाही, पोरीच्या वेणीएवढी धार. ती कुरणात पसरायची, उतारभर ओल धरायची. आमच्या घोड्यांची वाट त्याच ओलीतून जायची. शहरातले लोक वर घोड्यावर येतात, लगाम धरून आम्ही चालतो, आणि घोडे चिखलात पाय रुतवत जायचे. प्रत्येक टापेचा एक खड्डा. खड्ड्यात बोटभर पाणी साठतं, काठाला मऊ माती. फेब्रुवारीच्या शेवटाला ऊन तापायला लागलं की फुलपाखरं खाली उतरतात आणि ह्या टापांच्या खड्ड्यांत बसतात. पंख मिटून, एकाला एक लागून, जसं कुणी खड्ड्यात केशरी पानं उभी खोचून ठेवलीत. सोंड मातीत घालून पितात. त्यांना पितच राहावं लागतं. पोटात जे साठवलेलं असतं ते थंडीनं संपवलेलं असतं. आता पाणी प्यायचं, जोड्या जुळवायच्या, आणि वारा फिरला की सुटायचं उत्तरेला. पुढे वाटेत काय मिळेल न मिळेल. इथे प्यायली नाहीत तर संपलं.

पण सभेत सगळ्यांना चिखल दिसला. लीद दिसली. शहरातल्या बायकांचे पांढरे बूट खराब होतात ते दिसलं. मामा म्हणाला, बिचारी घोड्यांनी तुडवलेलं घाण पाणी पितात, आजारी पडतील, आपण त्यांना स्वच्छ पाणी देऊ. सगळ्यांनी हात वर केले. आईचा हात मोजणीत धरत नाहीत, पण तिनंही केला. आम्ही सिमेंटच्या गोण्या आणि वाळू पाठीवर वाहिली. मीही वाहिली, गाणी म्हणत वाहिली. झऱ्यावर पेटी बसवली, पेटीतून काळा पाइप, पाइपातून हौद. हौद आतून गुळगुळीत, निळा रंग दिलेला. घोडे कुरणात येऊ नयेत म्हणून काठानं दोरी बांधली. आणि हौदाच्या वरच्या कडेला दुसरा पाइप, तो खाली मामाच्या ट्राउट माशांच्या तळ्याला, पाणी वाया जाऊ नये म्हणून. कुरण आठवड्यात वाळून कडक झालं.

फुलपाखराला निळं चकचकीत दिसलं की ते येतं. उभ्या भिंतीवर बसता येत नाही. घसरतं, पंख पाण्याला चिकटले की झालं.

मी हे पहिल्याच आठवड्यात मामाला सांगितलं होतं. तो म्हणाला, सवय होईल त्यांना.

कुणाला सवय होईल? जे पाखरू आलं ते ह्याआधी कधी इथे आलेलंच नाही. त्याचा पणजा आला असेल. त्याला कुणी वाट सांगितलेली नाही आणि हा म्हणतो त्याला हौदाची सवय होईल.

मामानं मढी उचलायला लावली त्या दिवशी, म्हणजे परवा, जाळीचं काम संपवून मी खाली हमरस्त्यावर गेलो. तिथली पाळीही माझीच. मामाची मुलगी इरेने आणि मी दोघं लाल फडकी घेऊन उभे राहतो आणि गाड्या हळू करायला लावतो. मामेबहीण असली तरी डोकं ठिकाणावर आहे तिचं. तालुक्याला शिकायला जाते, सुट्टीत घरी असते.

"आज जास्त आहेत," इरेने म्हणाली.

होतीच. रस्त्यावरून गुडघ्याएवढ्या उंचीवर फुलपाखरांचा ओघळ चालला होता, डोंगराकडून गटाराकडे. त्या गटारात मामाच्या तळ्याचं पाणी रस्त्याखालून येऊन पडतं. माशांचं उष्टं, वास येणारं, पण मातीत पडलेलं. कुरणात प्यायची ती आता एवढी खाली येऊन रस्ता ओलांडून माशांचं उष्टं पीत होती.

एक लाकडाचा ट्रक माझ्या अंगावर येऊन थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "ए बारक्या, फुलपाखरांना सिग्नल कळतो का?"

"तुला कळतो का तेवढं सांग."

"पोटाला काय मिळतं रे तुला ह्याचं?"

"तुझ्यासारख्यांची तोंडं बघायला मिळतात."

तो हसला आणि हळू गेला, तेवढं बरं केलं. त्याच्यामागची बस हसलीही नाही आणि हळूही झाली नाही. इरेनेनं फडकं तिच्या काचेवर मारलं तरी गेली. मग आम्ही दोघं रस्त्यावर वाकून बघत बसलो, काही उचलण्यासारखं आहे का.

"बाबा ईस्टरच्या आठवड्याआधी जाड पाइप टाकणारेत," इरेने म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "मासे कमी पडतात म्हणून तळं मोठं करायचंय."

"आणि पेटीपाशी जो पाइप गळतो?"

"तो बदलणार. गळती बंद."

वर कुरणात एवढी एकच ओली जागा उरली होती. पाइपाचा सांधा गळतो तिथे, घोंगडीएवढी. तीही जाणार.

"तू सांग ना त्यांना," मी म्हणालो.

"सांगितलं. म्हणाले, तू शिकतेस ना, मग अभ्यास कर. आता तूच सांग."

"मला म्हणाले, तू शिकत नाहीस ना, मग तोंड बंद ठेव."

ती हसली, मग हसायची थांबली. "म्हणजे बोलायचं कुणी नेमकं?"

संध्याकाळी मी आईच्या टपरीत गेलो. आई निळ्या मक्याच्या तोर्तिया थापत होती. मी लाकूड आणून टाकलं ते जरा जोरात टाकलं.

"चुलीवर राग काढू नकोस, ती मला लागते," आई म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तिनं तोर्तिया उलटली, बोटं भाजली तशी कानाच्या पाळीला लावली. "रविवारपर्यंत थांब. एकदा माझं नाव लागू दे. मग सभेत मीच उठून बोलते."

"रविवारनंतर पाइप बदललेला असेल."

"नाबोर, तुझा बाप पण असाच. त्याला वाट बघता यायची नाही. बघ कुठे पोचला."

मी चुलीत एक लाकूड सारलं.

मग तीच म्हणाली, "हौदात दगड टाक. पाण्याच्या वर येतील असे. चढायला काहीतरी मिळेल त्यांना. हौदही राहील, मामाचं नाकही राहील."

एवढं साधं. मला स्वतःचाच राग आला की हे मला सुचलं नाही. रागात डोकं चालत नाही हे खरं, पण हे माझ्यासमोर कुणी बोलू नये.

काल सकाळी मी धुक्यातच वर गेलो. झऱ्याकाठचे खडबडीत दगड आणले, हौदात एकावर एक रचले, मध्ये शेवाळ भरलं, ओयामेलच्या वाळक्या फांद्या आडव्या टाकल्या. ऊन वर आलं आणि मी दगडाआड बसून बघितलं. पहिलं पाखरू आलं, फांदीवर उतरलं, चालत शेवाळापर्यंत गेलं आणि प्यायलं. मग दुसरं. जे पाण्यात पडलं तेही पंख ओढत दगडावर चढलं आणि थरथरत बसलं. थरथरून ते अंग तापवतं, मग उडतं. मी मोजत नाही कधी, पण जाळी त्या सकाळी जवळजवळ रिकामी होती. रिकामी जाळी घेऊन मी खाली आलो आणि आईला नुसती दाखवली. तिनं मला न मागता गरम आतोले दिलं, मक्याची गोड पेज.

आज सकाळी वर गेलो तर दगड नव्हते.

हौद लखलखीत. दगड काल मी खाली आल्यावर उतारावर फेकलेले, शेवाळ वाळत पडलेलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. शहरातून कुणी नवरानवरी फोटो काढायला येणार होते, हौदाच्या काठावर बसून, पाण्यात आभाळ दिसेल असे. आधीच फोन करून ठेवलेला त्यांनी.

"उकिरडा करून ठेवला होतास," मामा म्हणाला. "मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर टाकू दिले असते?"

"नसते."

"मग?"

"नाबोर, फोटो होऊ देत. उद्या बघू."

"उद्या तू म्हणशील ईस्टर होऊ दे. मग म्हणशील पुढचा हिवाळा येऊ दे. ती काय तुझ्या सवडीनं पिणारेत?"

"जाळी घे आणि साफ कर." आणि मग त्यानं ते म्हटलं. हसून म्हटलं, वाईट हेतूनं नाही, त्यामुळे तर जास्त लागलं. "आत्मे तरंगतायत बघ."

मी जाळी घेतली. साफ केलं. परवाच्यापेक्षा दुपटीनं होती, कारण आदल्या दिवसापासून त्यांना इथे प्यायला मिळतं हे कळलं होतं. मीच शिकवलं होतं त्यांना यायला. काही नर मादीला पायात धरून पडलेले, तसेच दोघं बुडालेले. ती जाळी मी झुडपामागे नेली नाही. झाडाला टांगून ठेवली.

नवरानवरी आले. नवरीचा झगा दोघींनी उचलून धरलेला. फोटोवाला म्हणाला, जरा फुलपाखरं उडवा ना मागून. मामानं माझ्याकडे बघितलं. उडव म्हणजे टाळ्या वाजव, झाड हलव, एवढाच अर्थ. नवरी म्हणाली, "नको, बसू दे त्यांना." तिचं नाव मला माहीत नाही, पण देव तिचं भलं करो.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी अवजारांच्या खोपटातून पहार आणली.

हौद सगळ्यांनी मिळून बांधला असला तरी खालचा डावा कोपरा माझा आहे. त्या दिवशी पाऊस येणार म्हणून मामा घाई करत होता आणि मी सिमेंट कमी आणि वाळू जास्त अशी भरती केली होती. कच्चं कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या घावाला रंग उडाला. दुसऱ्याला भेग. मामा ओरडला, काय ओरडला ते ऐकू आलं नाही. तिसऱ्याला कोपरा निसटला आणि पाणी माझ्या पायांवरून कुरणात गेलं.

नवरी बाजूला सरकली, फोटोवाला फोटो काढतच राहिला. मामा माझ्याकडे धावला, मग मध्येच थांबला. वरच्या कडेचा पाइप कोरडा पडला होता आणि त्याला खालचं तळं आठवलं. मला मारायचं सोडून तो उतारावरून तळ्याकडे पळाला. इस्त्रीचा शर्ट, लग्नातले बूट. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

मग मी दोरी सोडली आणि पिन्ताला आणलं. पिन्ता आमची घोडी, ठिपक्यांची, म्हातारी, कुणाचं ऐकत नाही, माझ्यासारखीच. तिला ओल्या कुरणातून चालवलं, पुढे, मागे, परत पुढे. माती अजून कडकच होती, पाणी मुरायला वेळ लागला. पण मग पाय रुतायला लागले. टापेचा एक खड्डा, दुसरा, ओळीनं. त्यात पाणी भरायला लागलं, गढूळ, लिदीचं, सभेत ज्याला सगळ्यांनी नाक मुरडलं होतं तेच.

ऊन चांगलं वर होतं. आधी एक आलं. खड्ड्याच्या काठावर उतरलं, पंख उघडले, मिटले. मग शेजारी एक. मग मला कळलंच नाही कधी, झाडांवरून ओघळ सुटला आणि कुरणावर उतरला. पिन्ता मान खाली घालून उभी राहिली, तिच्या पायांभोवती पाखरं, तिनं पाय हलवला नाही. नवरी झगा चिखलात टाकून खाली बसली होती. तिला उठवायला कुणाची हिंमत झाली नाही.

खाली तळ्यावर बादल्यांची धावपळ चालली होती. मीही गेलो, दोन बादल्या घेऊन. मासे माझे वैरी नाहीत. पण झऱ्याचं पाणी आता कुरणातच जिरत होतं, वरून एक थेंब येत नव्हता, आणि मासे तोंडं वर काढून आ करत होते. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून मासे बादलीत घालत होती, शेजारी मामा. शर्ट अंगाला चिकटलेला, टक्कल दिसत होतं, टोपी कुठे पडली कोण जाणे. त्यानं माझ्या हातातली भरलेली बादली घेतली, मासा शेजारच्या पिंपात सोडला, रिकामी बादली परत दिली. एवढं झाल्यावर म्हणाला, "सभा रविवारी नाही. आज. घंटा वाजवायला सांगितलीय."

"वर येऊन एकदा बघ," मी म्हणालो.

"मला काही बघायचं नाही."

"तेच तर."

त्यानं हात उगारला. आई मध्ये आली, तिच्या हातात मासा होता, तो दोघांच्या मध्ये फडफडला.

ह्या सगळ्यानंतर आईनं मला टपरीमागे ओढलं. "ऐक. सभेत सांग, घोडीनं लाथ मारली. दोरी सुटली, घोडी आत शिरली, लाथ मारली. ती नवरानवरी गेली परत, इथली माणसं आपली आहेत. इरेने बोलणार नाही. सेव्हेरो पण बोलणार नाही, मी त्याला बघते. शपथेवर सांगायला कुणी लावणार नाही."

"पहारीचे घाव दिसतात, आई."

"दिसू देत. ज्यांना बघायचं नाही त्यांना नाही दिसत. तूच म्हणतोस ना."

माझी आई अशी आहे.

मी विचार केला. खरंच केला. घोडीवर ढकललं तर बापाचा हक्क कदाचित राहील, टपरी राहील. पिन्ताला डोंगरावरच बंदी होईल, म्हातारी घोडी, विकून टाकतील कुणाला तरी. आणि ते सांगतील, बघा, घोडे असेच असतात, म्हणून तर हौद हवा. कोपरा बुजवतील. पक्कं सिमेंट घालून बुजवतील ह्या वेळी. जाड पाइप येईल. आणि उद्या सकाळी जाळी परत माझ्याच हातात.

मी आईला सांगितलं, नाही जमणार.

ती रडली नाही, चिडलीही नाही. माझ्या शर्टाकडे बघितलं, चिखल, माशांचे खवले. "एवढा तरी बदल," म्हणाली. "तुझ्या बापाचा पांढरा आहे पेटीत."

तो मला खांद्यात सैल होतो. घातला.

आता मी कुरणाच्या काठाला बसलोय. अजून ती पितायत. पहिली प्यायलेली झाडांवर परत गेली, दुसरी आली. वारा खालून वर यायला लागलाय, दुपारचा, जरा कोमट. इरेने येऊन सांगून गेली की चर्चमागच्या पडवीत सगळे जमलेत, तिचे बाबा टेबलाशी बसलेत, कोरडा शर्ट घालून. ती म्हणाली, "शिव्या देऊ नकोस फक्त." मी म्हणालो बघू. जाळी झाडावरून काढलीय. आज सकाळची सगळी तिच्यात तशीच आहेत, ऊन लागूनही एकही उठलेलं नाही. ती मी टेबलावर ओतणार आहे, मामाच्या समोर, आणि मग ज्याला हात वर करायचा त्यानं करावा.

घंटा वाजली. मला आता निघायला हवं.